जागतिक रोइंग अजिंक्यपद स्पर्धेला पहिल्यांदा जाताय? नवख्या क्रूसाठी टप्प्याटप्प्याने

पहिल्यांदा जागतिक स्पर्धेला गेले तेव्हा दोन हजार मीटर कसे वल्हवायचे हे मला चांगलं ठाऊक होतं. बोट कुठल्या धक्क्यावरून पाण्यात उतरवायची, वळसा कुठून घ्यायचा, स्टार्टला कधी पोचायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच हीटला, म्हणजे पहिल्या फेरीच्या शर्यतीला, तपासणी अधिकाऱ्याने आमची डबल स्कल्स (दोघींची, प्रत्येकी दोन वल्ह्यांची बोट) धक्क्यावर थांबवली. माझ्या जोडीदारणीच्या बुटाच्या टाचेची दोरी लांब होती. शर्यतीला पस्तीस मिनिटं उरलेली. ती गुडघ्यावर बसली, मी ट्रॅकसूटची नाडी कापली, आणि थरथरत्या हातांनी आम्ही नवी गाठ मारली. बोट सुटली, पण वॉर्म-अप अर्धवट राहिला. पहिल्या पाचशे मीटरपर्यंत माझं मन धक्क्यावरच अडकलं होतं.

पुढे काही वर्षं लहान संघांची व्यवस्थापक म्हणून गेले आणि हाच प्रकार वेगवेगळ्या रूपांत पाहिला. मुलामुलींनी वर्षभर घाम गाळलेला असतो आणि तो कागदांत, वजनकाट्यावर किंवा चुकीच्या वळणावर वाया जातो. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण यातलं जवळजवळ सगळं आधी शिकून घेता येतं. म्हणून ज्या क्रमाने तुमच्यासमोर येईल त्याच क्रमाने लिहिते.

१. तुमची स्पर्धा नेमकी कोणती ते ओळखा

या खेळाचा जागतिक महासंघ १८९२ साली ट्युरिनमध्ये स्थापन झाला. आज तो वर्ल्ड रोइंग या नावाने ओळखला जातो आणि त्याचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६२ साली ल्युसर्नच्या रोटसे तलावावर झाली. तेव्हा ती दर चार वर्षांनी भरायची आणि फक्त पुरुषांची होती. १९७४ साली त्याच तलावावर महिलांच्या शर्यती सुरू झाल्या आणि तेव्हापासून ती दरवर्षी होऊ लागली. १९८४ पर्यंत महिला १००० मीटर वल्हवत, १९८५ पासून पुरुषांइतकेच २००० मीटर. जुने निकाल पाहून आपल्या वेळेची तुलना करत असाल तर हे लक्षात असू द्या. १९८५ च्या आधीच्या महिलांच्या वेळा बघून माझी एक खेळाडू दोन दिवस खचून बसली होती.

ऑलिंपिकच्या वर्षी आणखी एक घोळ होतो. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ऑलिंपिकमधले बोटप्रकार नसतात, उरलेलेच असतात. २०२४ ला कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सला वरिष्ठ, २३ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील अशा तिन्ही स्पर्धा एकत्र झाल्या. उलट ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीची स्पर्धा सगळ्यात चुरशीची, कारण ऑलिंपिकच्या बहुतेक जागा तिथेच ठरतात. २०२३ ला ते बेलग्रेडमध्ये घडलं.

बोटप्रकारही बदलत राहतात. २०२५ ला शांघायमध्ये मिश्र डबल स्कल्स आणि मिश्र एट आल्या, म्हणजे एकाच बोटीत पुरुष आणि महिला. हलक्या वजनाचा गट पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमधून गेला. त्यामुळे गेल्या वर्षीची यादी धरून तयारी करू नका, चालू वर्षाची यादी काढून भिंतीवर लावा.

वयाचं सोपं आहे. ज्या वर्षात १८ पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तुम्ही १९ वर्षांखालील गटात, आणि ज्या वर्षात २२ पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत २३ वर्षांखालील गटात.

वेळापत्रकातले संकेत आधीच पाठ करून टाका. एम म्हणजे पुरुष, डब्ल्यू म्हणजे महिला, त्यांच्या आधी एल असेल तर हलकं वजन. आकडा रोअरची संख्या सांगतो. आकड्यापुढे एक्स असेल तर स्कलिंग, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. वजा चिन्ह असेल तर एकेक वल्हं आणि कॉक्स, म्हणजे न वल्हवता बोट वळवणारा आणि सूचना देणारा, नाही. अधिक चिन्ह असेल तर कॉक्स आहे. दोन वजा म्हणजे पेअर, चार एक्स म्हणजे क्वाड, आठ अधिक म्हणजे एट.

२. नाव तुम्ही देत नाही, महासंघ देतो

खूप जण विचारतात, फॉर्म कुठे भरायचा? कुठेच नाही. जागतिक अजिंक्यपदाची प्रवेशिका फक्त तुमच्या देशाचा रोइंग महासंघ पाठवू शकतो, आणि एका बोटप्रकारात एका देशाची एकच बोट उतरते. तुम्ही देशात दुसरे आलात आणि तुमची वेळ इतर देशांच्या पहिल्यांपेक्षा चांगली असली, तरी त्या प्रकारात जागा नाही. अशा वेळी दुसऱ्या बोटप्रकारात निवड मिळते का, हे प्रशिक्षकांना लवकर विचारा. सिंगलमधली हुकलेली जागा क्वाडमध्ये मिळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

राष्ट्रीय संघात नसाल पण वय २७ किंवा जास्त असेल, तर वर्ल्ड रोइंगची मास्टर्स रेगाटा वेगळी असते. तिथे क्लबच्या नावाने जाता येतं आणि अंतर १००० मीटर असतं. पाण्यावरची शिस्त बरीचशी तीच, त्यामुळे खालचे बरेच टप्पे तिथेही उपयोगी पडतील.

३. कागदपत्रं

ही यादी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मूळ प्रत आणि एक झेरॉक्स अशी ठेवा. फोटो फोनमध्येही असू द्या, पण फोनच्या भरवशावर राहू नका. धक्क्यावर फोन भिजतात.

- पासपोर्ट. ज्या देशाकडून खेळता त्याच देशाचा. नाव प्रवेशिकेवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर.
- व्हिसा लागत असेल तर आयोजन समितीचं निमंत्रणपत्र. ते महासंघामार्फत मागवावं लागतं आणि त्यासाठी पासपोर्टचा तपशील आधी द्यावा लागतो.
- आरोग्य तपासणीची कागदपत्रं. स्पर्धेपूर्वी प्रश्नावली, शारीरिक तपासणी आणि हृदयाचा ईसीजी करून घ्यावा लागतो.
- खेळाडूने सही केलेलं स्पर्धेच्या अटींचं संमतिपत्र.
- नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि लागत असेल तर वैद्यकीय सवलतीचं मंजुरीपत्र.
- आरोग्य आणि प्रवास विमा.
- स्वतःची बोट सीमेपार नेत असाल तर कस्टम्सचं कार्नेट (सामान तात्पुरतं नेण्या-आणण्याचा कागद), बोटी-वल्ह्यांच्या क्रमांकांसह.

सगळ्यात जास्त अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. आमच्या एका खेळाडूच्या ओळखपत्रावर आडनावात एक अक्षर कमी होतं. तिला आत सोडलं, पण दुरुस्तीच्या रांगेत सरावाची अख्खी सकाळ गेली.

४. औषधं आणि पूरक आहार

सर्दीची साधी गोळी खेळाडूला बाद करू शकते हे नव्यांना खरं वाटत नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सापडलं तर उत्तेजक धरलं जातं. दम्याच्या पंपातल्या सालब्युटामोललाही मात्रेची मर्यादा आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. मागच्या वर्षी चाललेलं औषध यंदा चालेलच असं नाही.

माझा नियम सरळ होता. संघाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय काहीही गिळायचं नाही, आणि दुसऱ्या संघाच्या मैत्रिणीने प्रेमाने दिलेली पावडरसुद्धा नाही. पूरक आहाराच्या डब्यात लेबलवर नसलेले पदार्थ मिसळलेले असू शकतात आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी शेवटी खेळाडूचीच असते.

५. बोट आणि हत्यारं

बरेच लहान संघ बोटी स्पर्धेच्या ठिकाणी भाड्याने घेतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ऑर्डर देताना क्रूचं सरासरी वजन, रिगरचा (वल्हं पेलणाऱ्या, बोटीबाहेरच्या आधाराचा) प्रकार आणि बुटांचं माप लेखी कळवा. ९० किलोंच्या माणसांसाठी बनवलेल्या पेअरमध्ये ६० किलोंच्या मुली बसल्या तर बोट पाण्यावर उंच तरंगते, वारा तिला ढकलतो आणि गेट (वल्हं अडकवायच्या खाचा) इतके वर राहतात की हँडल छातीच्या वर जातं. वल्ही मात्र शक्यतो आपलीच न्या. हाताला सवय असलेली मूठ आणि पातं यांची बरोबरी होत नाही.

बोटीचं किमान वजन नियमाने ठरलेलं आहे: सिंगल १४ किलो, डबल आणि पेअर २७ किलो, कॉक्सलेस फोर ५० किलो, क्वाड ५२ किलो, एट ९६ किलो. रिगर, फूटस्ट्रेचर (पाय टेकवायची फळी), बूट, सीट यात धरतात. वल्ही आणि सुट्या वस्तू धरत नाहीत. तलावावर काटा असतो. सरावाच्या दिवसांत बोट कोरडी करून तिथे तोलून घ्या. कमी भरली तर वजन घट्ट बसवावं लागतं, नुसतं ठेवून चालत नाही. शर्यत संपल्यावर काही बोटी निवडून तोलल्या जातात आणि कमी भरलेली बोट त्या शर्यतीत शेवटची धरली जाते.

हत्यारांच्या पेटीत हे असावंच: १० आणि १३ चे पाने प्रत्येकी दोन, स्क्रू-ड्रायव्हर, पिच, म्हणजे पात्याचा कल, मोजायचं साधन, मोजपट्टी, रिगरचे जादा नट-बोल्ट आणि वॉशर, एक जादा गेट, एक जादा फिन (बोटीच्या तळाचं छोटं पातं), चिकटपट्टी, बुटांसाठी मजबूत दोरी आणि कात्री. दोरी आणि कात्री का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

६. तलावावरचा पहिला दिवस: वाहतुकीचा नकाशा

पोचल्यावर ओळखपत्र घ्या, बोट रॅकवर लावा आणि पाण्यात उतरायच्या आधी वाहतुकीचा नकाशा मिळवा. माझ्या मते या सगळ्या लेखातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान आहे.

तलावावर बोटी एकाच दिशेने फिरतात. स्टार्टकडे जायची बाजू वेगळी, परतायची वेगळी. मधल्या काही लेन वेगाने वल्हवण्यासाठी, काही रिकाम्या ठेवलेल्या. वळायचं कुठे, थांबायचं कुठे, धक्क्यावर कुठल्या बाजूने लागायचं, सगळं ठरलेलं. आणि नकाशे दोन असतात, एक सरावाच्या वेळेचा आणि एक शर्यतींच्या वेळेचा. नवख्यांचा अपघात हमखास इथेच होतो, कारण चार दिवस सरावाचा नकाशा अंगवळणी पडतो आणि पाचव्या दिवशी शर्यती सुरू झाल्या की दिशा बदलते. रोअर पाठमोरा बसतो हे विसरू नका. तुमच्या पाठीमागून एट तिच्या पूर्ण वेगात येत असेल तर तुम्हाला ती दिसणार नाही, आणि त्या एटमधल्या आठही जणांना तुम्ही दिसणार नाही.

मी काय करायचे ते सांगते. नकाशा कागदावर हाताने पुन्हा काढायचे, बो सीटवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी (बोला) बसणाऱ्या मुलीकडून नकाशावर बोट ठेवून म्हणवून घ्यायचे: इथून निघाले, इथे उजवीकडे ठेवलं, इथे थांबून बघितलं, इथे वळले. तीन वेळा. मगच बोट उचलायची. पहिल्या फेरीत वेग नाही, फक्त रस्ता.

घड्याळही याच फेरीत लावून घ्या. धक्क्यापासून स्टार्टपर्यंत वळशासकट किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. शर्यतीच्या दिवशी वारा समोरून असेल तर त्यात पाच मिनिटं मिळवा. शर्यत बाजूने जात असताना वॉर्म-अपमधल्या बोटींनी थांबायचं असतं, तेही धरा.

कोर्सची ओळखही करून घ्या. सरळ २००० मीटर, सहा किंवा जास्त लेन, प्रत्येक लेन साधारण साडेतेरा मीटर रुंद, दोन्ही बाजूंना बॉयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) ओळी. पहिल्या १०० मीटरचे आणि शेवटच्या २५० मीटरचे बॉय वेगळ्या रंगाचे असतात. पहिल्यांचा उपयोग पुढे स्टार्टच्या टप्प्यात येईल. शेवटचे दिसले की किती उरलं हे मान न वळवता कळतं.

७. वजन

हलक्या वजनाच्या गटात पुरुषांना ७२.५ किलो आणि महिलांना ५९ किलो ही एका व्यक्तीची कमाल मर्यादा आहे, आणि सिंगल सोडून बाकी बोटींत क्रूची सरासरी पुरुषांची ७० आणि महिलांची ५७ च्या वर जाता कामा नये. वजन शर्यतीच्या दिवशी, त्या दिवसाच्या पहिल्या शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधी, या एका तासातच द्यायचं. उशीर झाला तर शर्यत गेली.

इथे मी हात जोडून सांगते. आदल्या रात्री पाणी तोडून, गरम कपड्यांत पळून किलो-दीड किलो उतरवायचा नाद करू नका. तसं केलेली मुलगी काट्यावर पास होते आणि १२०० मीटरवर तिचे पाय रिकामे होतात, हे मी बोटीत बसून पाहिलं आहे. वजन महिन्यांत बसवायचं असतं. बसत नसेल तर तो गट तुमचा नाही.

कॉक्सचं उलटं असतं. किमान ५५ किलो. कमी असेल तर फरकाचं वजन बोटीत कॉक्सच्या शक्य तितकं जवळ ठेवावं लागतं, तेही १५ किलोंपर्यंतच. कॉक्सचा माइक किंवा पाण्याची बाटली त्यात धरली जात नाही. पुरुषांच्या बोटीत महिला कॉक्स आणि महिलांच्या बोटीत पुरुष कॉक्स चालतो.

८. फेऱ्यांचं गणित

हीट, मग रेपेचाज म्हणजे हरलेल्यांना दुसरी संधी, मग उपांत्य, मग अंतिम, ही अनेक वर्षं ओळखीची रचना होती. बोटी जास्त असतील तर उपांत्यपूर्व फेरीही येते. पण कितवे आलात तर पुढे जाता हे बोटींच्या संख्येवर ठरतं आणि ही पद्धतही वर्षागणिक बदलते; काही वेळा क्रमांकाबरोबर वेळही मोजतात. म्हणून ड्रॉ निघाला की व्यवस्थापकाने एका वाक्यात क्रूला सांगावं: आपल्याला पहिल्या अमुकमध्ये यायचं आहे. हीटमध्ये शक्ती वाचवायची की नाही हा निर्णय त्या एका वाक्यावर असतो. जिथे वेळ मोजली जाते तिथे शेवटी हात सैल सोडणं महागात पडतं.

अंतिम ए म्हणजे १ ते ६, अंतिम बी म्हणजे ७ ते १२, सी म्हणजे १३ ते १८, असं पुढे. पहिल्या वर्षी सी फायनल जिंकणं हे खरं यश आहे. तेरावा क्रमांक जगात तेरावा असतो, आणि ती शर्यतही तितक्याच जिवाने वल्हवली जाते.

पुढच्या फेऱ्यांत चांगल्या बोटींना मधल्या लेन देतात. वाऱ्यामुळे एक बाजू सोपी झाली तर पंच लेन बदलू शकतात किंवा वेळापत्रक पुढेमागे करू शकतात, त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर सूचनाफलक बघायचा.

९. धक्क्यावरची तपासणी

बोट खांद्यावर घेऊन निघालात की तपासणी अधिकारी भेटतात. ते क्रूची नावं, पोशाख आणि बोटीची सुरक्षा पाहतात. यातलं प्रत्येक काम तुम्ही स्वतः आदल्या रात्री करून ठेवा:

बोच्या टोकाला पांढरा रबरी चेंडू, किमान ४ सेंटिमीटर व्यासाचा, न हलणारा. धडक झाली तर समोरच्या माणसाला भोसकू नये म्हणून तो आहे. प्रत्येक बुटाच्या टाचेला स्वतंत्र दोरी, घट्ट आणि आखूड, म्हणजे बोट उलटली की पाय आपोआप बुटातून सुटतो. बुटाची पट्टी एका हाताच्या एका ओढीत उघडली पाहिजे. बो नंबर बरोबर लेनचा. क्रूचा पोशाख एकसारखा, टोपी घातली तर तीही. वल्ह्यांची पाती देशाच्या नोंदवलेल्या रंगांत.

उलटलेल्या बोटीत पाय अडकण्याची भीती काय असते हे मी तरुणपणी एका थंड सकाळी अनुभवलं आहे. माझ्या पहिल्या हीटला त्या अधिकाऱ्याने आम्हाला अडवलं, ते योग्यच होतं.

पाण्यात उतरल्यावर बाहेरून कुठलाही रेडिओ किंवा फोनचा संपर्क चालत नाही. वेग आणि स्ट्रोक मोजणारं यंत्र बोटीत चालतं. प्रशिक्षकाचा आवाज कानात चालत नाही.

१०. स्टार्ट

दोन मिनिटं आधी तुमची बोट स्टार्टला लागलेली असली पाहिजे. उशीर झाला तर पिवळं कार्ड मिळू शकतं. मागे छोट्या पाँटूनवर (तरंगत्या फलाटावर) स्वयंसेवक पोटावर झोपून बोटीचं मागचं टोक धरतो, पुढे पाण्याखालून वर आलेल्या कप्प्यात बो बसतो आणि सगळ्या बोटी एका रेषेत येतात. वारा बाजूने असेल तर बो सीटवरच्या मुलीने हलके स्ट्रोक घेऊन बोट सरळ ठेवत राहायचं. हे वेगळं शिकायचं काम आहे, सरावात रोज दहा मिनिटं द्या.

मग सगळं फार शांत होतं. पात्यावरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज येतो. शेजारच्या लेनमधली कुणीतरी मोठ्याने श्वास सोडते. स्टार्टर लेनच्या क्रमाने देशांची नावं पुकारतो. इथे नवखी माणसं फसतात: पुकारा सुरू झाला की बोट सरळ आणि क्रू तयार असण्याची जबाबदारी तुमची. शेवटच्या लेनचं नाव झालं की थांबणं नाही. ‘अटेन्शन’, लाल दिवा, कमीजास्त लांबीचा विराम, आणि मग आवाजासह हिरवा. विराम मोजायचा प्रयत्न करू नका, तो मुद्दामच प्रत्येक वेळी वेगळा असतो. डोळे दिव्यावर, खांदे सैल.

वेळापत्रक रेंगाळलं की स्टार्टर ‘क्विक स्टार्ट’ म्हणतो आणि नावं न पुकारता सरळ ‘अटेन्शन’वर येतो. एकदाही ऐकलं नसेल तर छातीत धस्स होतं. घरच्या सरावात प्रशिक्षकांना तसं करायला सांगा.

आधीच सुटलात तर पिवळं कार्ड. त्याच शर्यतीत दुसरं पिवळं म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे बाद. उशिराचं पिवळंही यात मोजलं जातं, म्हणून उशिरा आलेल्या क्रूने स्टार्टला दुप्पट जपावं.

पहिल्या १०० मीटरमध्ये वल्हं, गेट किंवा रिगर तुटला तर लगेच हात वर करा, शर्यत थांबवली जाऊ शकते. वेगळ्या रंगाचे बॉय संपले की ती सवलत संपली. क्रॅब, म्हणजे वल्हं पाण्यात अडकणं, हे तुटणं नव्हे. त्यासाठी हात करू नका, वल्हं सोडवा आणि चालत राहा.

११. शर्यतीत

तुमची लेन म्हणजे पात्यांसकट तुमची जागा. भरकटलात आणि दुसऱ्याच्या वाटेत आलात तर मागच्या लाँचवरचा (मोटरबोटीवरचा) पंच पांढरा झेंडा उभारून तुमच्या देशाचं नाव घेतो आणि झेंडा ज्या बाजूला नेतो त्या बाजूला वळायचं. त्या गोंधळात कानावर फक्त आपलं नाव पडायला हवं, म्हणून सरावात कुणीतरी किनाऱ्यावरून देशाचं नाव ओरडायची सवय लावा.

वेळा ५००, १०००, १५०० आणि २००० मीटरवर नोंदवतात. दुसऱ्यांच्या वेळांनी गांगरू नका. पाण्याचं तापमान आणि वारा यांमुळे एकाच क्रूची वेळ दोन दिवसांत खूप वेगळी पडते, म्हणूनच या खेळात ‘विक्रम’ न म्हणता ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणतात. न्यूझीलंडच्या मरे आणि बाँड यांनी लंडन २०१२ ला पेअरमध्ये ६:०८.५० दिली, तीही हीटमध्ये. अंतिम फेरीत तेच दोघं त्याहून हळू वल्हवून सुवर्ण घेऊन गेले.

बोचा चेंडू रेषेवर आला की शर्यत संपली. शेवटचा स्ट्रोक पुरा होईपर्यंत कुणीही मान वर करायची नाही. रिओ २०१६ ला सिंगलमध्ये माहे ड्रायस्डेल आणि दामिर मार्टिन दोघांची वेळ ६:४१.३४ अशी एकच लागली आणि छायाचित्रावरून ड्रायस्डेलला सुवर्ण दिलं गेलं.

१२. रेषेपलीकडे

तुमच्यावर अन्याय झाला असं वाटलं तर धक्क्यावर जाऊन बोलायचं नसतं. रेषा ओलांडल्यावर बोटीत बसूनच हात वर करा, पंच तिथेच येऊन ऐकतो. त्याचा निर्णय मान्य नसेल तर तासाभरात लेखी तक्रार, अनामत रकमेसह. बाहेर पडून मग आठवलं तर फार उशीर झालेला असतो.

उत्तेजक चाचणीसाठी निवड झाली तर एक व्यक्ती येऊन तुमची सही घेईल आणि तिथून तुम्हाला नजरेआड होऊ देणार नाही. घाबरू नका. सोबत संघातलं कुणीतरी घ्या, ओळखपत्र न्या, बाटल्यांचा संच स्वतः निवडा, सील स्वतः तपासा. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो. शर्यतीनंतर शरीर कोरडं पडलेलं असतं, वेळ लागतो, लागू द्या. पाणी फक्त सीलबंद बाटलीतलं प्या. फॉर्मवर गेल्या काही दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी लिहा आणि तुमची प्रत सांभाळून ठेवा.

१३. परतताना

रिगर काढताना प्रत्येक नट त्याच्याच बोल्टवर हाताने फिरवून ठेवा. पिशवीत मोकळे टाकलेले नट पुढच्या तलावावर कधीच पुरे भरत नाहीत. भाड्याच्या बोटीतून आपली दोरी, आपलं यंत्र, आपली चिकटपट्टी काढून घ्या आणि मालकासमोर बोट उलटी करून तळ एकत्र बघा, ओरखडा कुणाचा यावरून नंतर वाद होत नाहीत. बो नंबर आणि ट्रान्सपाँडर (बोटीची जागा कळवणारं यंत्र) आयोजकांना परत करून यादीवर सही घ्या. ते एका खोक्यात टाकून निघून गेलेल्या संघाला महिन्याभराने बिल आल्याचं मी पाहिलं आहे.